मेणाच्या गादीवरचा खळगा

गादीवाल्याच्या घरात वाढलेल्या मुलीला गादी दिसली की तिचे हात शिवशिवणारच. वडिलांनी कापूस भरला, दाभणाने टाके घातले, की शेवटची पारख तिची. चारही कोपऱ्यांत मूठ दाबायची आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते बघायचं. सातव्या वर्षापासून हे काम तिच्याकडे होतं. वडील गिऱ्हाइकाला सांगत, "पोरीनं पास केलीय, डोळे मिटून घेऊन जा."

शिष्यवृत्ती मिळवून ती परदेशी शिकायला गेली, तरी ही खोड काही सुटली नाही. एकदा कॉलेजच्या बाई वर्गाला संग्रहालय दाखवायला घेऊन गेल्या. नाकं तुटलेले दगडी राजे बघून बघून सगळे पेंगुळले होते. तिसऱ्या दालनात मात्र त्या राजांच्या मधोमध जमिनीवर चक्क एक गादी. निळ्या पट्ट्यांची, माणूस नुकताच झोपून उठल्यासारखी मधे दबलेली. आजच्या काळातलं शिल्प म्हणे! तिची नजर थेट डाव्या कोपऱ्यावर गेली. भरण कमी होतं. ती वाकली आणि तिने मूठ दाबली.

खळगा वर येईना. सवयीने तिने थोडी वाट पाहिली, मग पाटी वाचली. रंगवलेलं मेण होतं ते. 

रखवालदार धावत आला तोवर ती खांबाआड सरकली होती, आणि गादीजवळ उभा होता वर्गातला धडपड्या. हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. पेले, खुर्च्या, बाईंचा चष्मा, त्याच्या तावडीतून काहीच सुटलं नव्हतं. बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याला बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

तिने तोंड उघडलं नाही. परत पाठवलं तर वडिलांना काय सांगू, एवढंच डोक्यात. पुढच्या दालनांत तिला काही दिसलं नाही, नुसती स्वतःची लाज वाटत राहिली. तासाभराने ती बाकापाशी गेली.

"सगळ्यांची सहल बिघडवली मी," धडपड्याच आधी बोलला. "कोपर लागलं असणार. कधी लागतं ते मला कळतसुद्धा नाही. आत्ताच रखवालदाराला माफीचा कागद लिहून दिला."

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझं कोपर नव्हतं ते," ती म्हणाली. "माझी मूठ होती."

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मग इतका वेळ कुठे होतीस?"

"आतच. बाकीची दालनं बघत होते."

तो बाकावर जरा पलीकडे सरकला.

"माझी सही आहे त्या कागदावर," तो म्हणाला. "तो आणून दे आधी."