रस्त्याकडचं शेततळं

वच्छलाकाकूंच्या वावराशी गाडी थांबवून कोणी जमिनीचा भाव विचारला, की त्या मेथीचा भाव सांगत. माणूस पुन्हा म्हणे, "जमिनीचा, काकू." त्या जुडी पुढे करत. बहुतेक जण ओशाळून ती विकत घेत आणि निघून जात.

वाशीमला लागून, मालेगाव रोडवर आमची कॉलनी झाली, तोवर आजूबाजूच्या वावरांचे प्लॉट पडले होते. काकूंचं तेवढं राहिलं होतं. मी संध्याकाळी भाजीला जायची. पैसे द्यायचे, पिशवी घ्यायची, परत यायचं. एकदा त्या म्हणाल्या, "काय वं, तुह्या इंग्लिश शाळेत बोलाची फी येगळी लागते काय?" मी हसले. त्यानंतरही फारसं बोलले नाही, पण बांधावर जरा जास्त वेळ थांबू लागले.

त्यांच्या मुलाचं, गजाननचं, शहरात मोबाईलचं दुकान आहे. वावर काकूंच्या नावावर होतं आणि ते विकावं म्हणून तो मागे लागला होता. काकू त्याला नाही म्हणत नसत, हो तर नाहीच. मग एक दिवस त्यांनी मला शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज मोबाईलवर भरून द्यायला सांगितलं. मी अटी वाचून दाखवल्या. अनुदान घेतल्यावर तळं बुजवता येणार नाही, ही अट त्यांनी दोनदा वाचायला लावली.

सोडतीत त्यांचं नाव निघालं. कृषी सहायक जागा बघायला आले आणि त्यांनी मागचा कोपरा सुचवला. काकू त्यांना रस्त्याच्या कडेला घेऊन गेल्या. कॉलनीचा रस्ता उंच झाल्यापासून पावसाचं सगळं पाणी तिथंच उतरायचं, भाजी सडायची. सहायकांनी उतार पाहिला आणि मान्य केलं. गजाननचा चेहरा मात्र उतरला. प्लॉट पडले असते तर सगळ्यांत महाग रस्त्याकडचेच गेले असते.

"माय, विहिरीले पानी हाये ना. तळं कायले?"

"तुले पोहता कुठी येते? शीक आता."

तळं खोदून झालं, त्यात प्लास्टिकचं अस्तर बसलं. त्या संध्याकाळी काकू काठावर बसून जुड्या बांधत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "खड्ड्यावर कोन घर बांधते, पोरी? म्या पोराले नाही म्हटलं नाही. नाही म्हनाले सरकारले लावलं."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. तेरवी झाली तेव्हा वावरात काढणीला आलेली मेथी उभी होती. ती काढायला म्हणून गजानन सकाळी येऊ लागला. ती संपल्यावर त्यानं पुन्हा पेरली.

परवा तळ्याजवळ एक गाडी थांबली. आमच्या गच्चीवरून दिसतं, पण ऐकू येत नाही. गाडीतल्या माणसानं हात फिरवून अख्खं वावर दाखवत काहीतरी विचारलं. गजाननने तळ्याकडे पाहिलं. मग तो खाली वाकला आणि त्यानं जुडी पुढे केली.