ज्याचा नंबर त्याचं गाणं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर गाणं ऐकायची एक खोली होती. मी एम.ए.ला आलो तेव्हा खाली कार्डांचे लाकडी खण भिंतीकडे सरकवून तिथे नवे कॉम्प्युटर मांडले होते, आणि वर्गातली निम्मी मुलं संध्याकाळी कसल्या ना कसल्या कॉम्प्युटर कोर्सला पळायची. वरच्या खोलीत मात्र अजून कॅसेटच लागायची. मधोमध एक गोल टेबल, त्यावर पाच-सहा हेडफोन, आणि सगळ्यांच्या वायरी काचेपलीकडच्या एकाच टेपरेकॉर्डरला जोडलेल्या. खोली उघडल्यावर जो पहिला येईल त्यानं काचेच्या खिडकीपाशी जाऊन काय लावायचं ते सांगायचं. मागून येणाऱ्यांनी तेच ऐकायचं. ज्याचा नंबर त्याचं गाणं, असा तिथला नियम होता.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझाच नंबर होता. खिडकीतल्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय लावू?"

"काहीही चालेल."

"काहीही नावाची कॅसेट नाही आपल्याकडे. ठरवून या. हे हॉटेल नाही, आज स्पेशल काय म्हणून विचारायला."

खाली येऊन नव्या कॉम्प्युटरपुढे बसलो. त्यातही काही शोधायचं तर आधी नावच टाकावं लागत होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. गाणं रेडिओवर लागायचं आणि आम्ही ऐकायचो, मागायचं कधी नव्हतंच. त्या दिवसापासून मनात एकच होतं: एकदा तरी त्या खिडकीशी उभं राहून नाव घेऊन काहीतरी मागायचं.

आणि हेच माझ्या वर्गातली एक मुलगी रोज करत होती. डेक्कनची. वडील प्राध्यापक, भाऊ अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये. ती खिडकीत कोपर टेकून म्हणायची, "काका, परवाच्या भीमपलासची दुसरी बाजू राहिलीय हं आपली." ते 'आपली' मला झोंबायचं. मला हॉटेलवरून टोमणा मारणारे काका तिच्यासाठी हसत उठायचे. मग ती डोळे मिटून बसायची. एक बोट टेबलावर हलकं पडत राहायचं, आणि समेला पंजा असा उचलला जायचा, जणू तिला कोणी आधीच सांगून ठेवलं होतं. मी समोर बसून तिच्या हाताकडे बघत माझा हात उचलायचो. नेहमी जरासा उशिरा. एकदा तिनं डोळे उघडले, तेव्हा माझा पंजा अधांतरी होता. ती नुसती हसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी तिचा हेवा करत होतो. तिच्या कपड्यांचा, पैशांचा नाही, ते मला दिसतही नसत. काय मागायचं हे तिला माहीत होतं, याचा.

एके दिवशी मी पोचलो तेव्हा कॅसेट सुरू होती. हेडफोन लावला आणि दचकलो. ढोलकी, तुणतुणं, आणि मागून झील धरणारे उघडे, फाटके आवाज. खडी गंमत! आमच्या झाडीपट्टीतला, पूर्व विदर्भातला तमाशा. पुण्याला कारखान्यात येण्याआधी माझे बाबा अशाच एका पार्टीत झील धरायचे. समोर तीच मुलगी बसली होती; तिला लोककलेवर प्रोजेक्ट करायचा होता, म्हणून तिनं मागवली होती.

"तुम्ही... हे कुठून शोधलंत?" मी विचारलं.

"अरे, तुम्ही काय? एका वर्गात आहोत आपण." ती वहीत काहीतरी लिहीत होती. "तू तिकडचाच ना? जरा कर्कश आहे, नाही? पण प्रोजेक्टपुरतं मिळालं मला." मग खिडकीकडे वळून म्हणाली, "काका, पुरे हे. आपलं नेहमीचं लावा."

"असू द्या ना," मी म्हणालो.

"नंबर कोणाचा?" काका म्हणाले, आणि कॅसेट काढली.

छाती जळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तिच्याकडे सगळं होतंच. आता हेही तिनंच मागितलं, आणि नकोसं झाल्यावर परतही तिनंच केलं. माझ्या घरातली गोष्ट, आणि ती मागता येते हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

वारज्याच्या खोलीवर पोचलो तेव्हा बाबा पहिल्या पाळीहून येऊन चहा पीत होते. मी सांगितलं.

"लायब्ररीत खडी गंमत?" त्यांनी कप खाली ठेवला. "काहून? पुस्तकं नाहीत का गा तेथं?"

"कॅसेट आहे. कानाला लावून ऐकायची."

"बसून?"

"हो."

"आम्ही रातभर उभ्यानं गाणं गावाचं, आन् तुम्ही बसून, कानाले वायर लावून!" त्यांना हसू आवरेना. मग एकदम विचारलं, "गण झाला का पुरा?"

"नाही. मधेच बंद केलं."

त्यांचं हसू गेलं. "गण देवाचा असते, मधात नाही तोडत बाप्पा. बाकी काही तोडा."

दुसऱ्या दिवशी खोली उघडायच्या आधीच मी दारात होतो. काका कुलूप काढेपर्यंत मनातल्या मनात म्हणून पाहत होतो.

"काय लावू?"

"कालचंच."

"काल मी बरंच काही लावलं."

"खडी गंमत," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. "सुरुवातीपासून. गण पुरा होऊ द्या."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं, पण टोमणा मारला नाही.

गण सुरू झाला आणि ती आली. हेडफोन लावला, माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. नंबर माझा होता. ती बसली. मला वाटलं, आज हिला परकं वाटेल, आज ही माझ्या हाताकडे बघेल. तिनं डोळे मिटले. दोन-चार आवर्तनं नुसतं ऐकलं, आणि मग तिचं बोट टेबलावर पडायला लागलं. बरोबर ढोलकीच्या थापेवर. माझ्या बाबांच्या गाण्यातली थाप तिला माझ्याआधी सापडली होती. माझं बोट तिथेही उशिराच पडत होतं.

हेवा गेला नाही. खरं सांगायचं तर वाढला.

पण मी बघणं सोडलं, हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसलो. गण पुरा झाला. काकांनी काचेपलीकडून खुणेनं विचारलं, बदलू का? ती माझ्याकडे बघत थांबली.

मी मान हलवली. नाही. ही बाजू संपू द्या.