दादाच्या डब्यातलं पाणी

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी युट्रेख्ट स्टेशनबाहेर सायकल लावत होते. आर्नहेमची गाडी सुटायला आली होती, बोटं गारठली होती आणि कुलपात किल्ली काही केल्या जात नव्हती. फोन वाजला. वहिनी होती. ती रडली नाही, काही सांगितलंही नाही. एवढंच म्हणाली, "मेधा, आता घाई करू नकोस." मी बरं म्हटलं, फोन ठेवला, सायकल तशीच टाकली आणि तरीही धावत जाऊन गाडी पकडली. जागेवर बसल्यावर, श्वास लागलेला असताना, तिचं वाक्य मला कळलं... त्याआधी कित्येक महिने मी नुसती धावतच होते, त्यामुळे न धावता त्याच्याकडे कसं जायचं हे मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर पुष्कळ माणसं भेटून गेली. इथली आपली मराठी मंडळी चांगली आहेत. त्यांनी आळीपाळीने पोळी-भाजी पोचवली, गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कागदपत्रांसाठी वहिनीबरोबर खेटे घातले. पण निघताना दारात चपला घालता घालता जवळजवळ प्रत्येकाने तेच म्हटलं, सुटला बिचारा. मला या शब्दाचा संताप येतो. दादाला सुटायचं नव्हतं, राहायचं होतं. आणि त्याच्याहून जास्त, तो मला हवा होता. कुणाला धीर द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही, धीर माझ्यापाशीच नाही. लिहितेय कारण त्याच्या एका उद्योगाबद्दल घराबाहेर कुणाला फारसं माहीत नाही, आणि शेवटच्या महिन्यांतला खरा दादा मला त्या उद्योगातच दिसला.

डच गिल्डर जाऊन युरो आला त्या वर्षी शिरीषदादा आणि स्वातीवहिनी आर्नहेमला आले. एका वीज कंपनीच्या ऑफिसात तो सॉफ्टवेअरचं काम करायचा. मी नंतर युट्रेख्टला संशोधनासाठी आले, ती त्याच्याच भरवशावर. बाकीचे लोक सुट्टीत पॅरिस आणि स्वित्झर्लंड उरकून यायचे आणि उरलेल्या वेळात पुण्यात फ्लॅट कुठे घ्यावा यावर बोलायचे. दादाने काय करावं, तर एका म्हाताऱ्या डच जोडप्याकडून जुनी कॅरव्हॅन घेतली... मोटारीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. उन्हाळ्यात ती दोनतीन आठवडे भटकायची, एरवी गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या कुरणाच्या कडेला उभी असायची. आत दोन बाकं, एक टेबल, गॅसची शेगडी, टीचभर बेसिन आणि कपाटाएवढी मोरी. वहिनीने पहिल्याच दिवशी तिला डबा म्हटलं आणि तेच नाव पडलं. दादा अजिबात चिडला नाही. उलट, फ्लॅटमध्ये भजी तळली की धुराचा अलार्म कोकलतो, डब्यात खिडकी उघडून हवी तेवढी तळा, म्हणून तो आम्हालाच डब्याचे फायदे ऐकवायचा.

डब्यात त्याचा जीव खरा अडकला होता तो पाण्यात. बाकाखाली पाण्याची टाकी, टाकीत मुठीएवढा पंप, तिथून बोटाएवढ्या नळ्या बेसिनला, मोरीला आणि कपाटात बसवलेल्या छोट्या गीझरला गेलेल्या. इथल्या थंडीत हे पाणी आत राहिलं तर गोठून फुगतं आणि नळ, नळ्या, गीझर, जे वाटेत येईल ते फोडतं. म्हणून पाणी गोठायला लागायच्या आत ते सगळं बाहेर काढायचं. पहिल्या वर्षी दादाने पुस्तकात बघून बघून सगळं चोख केलं आणि अगदी शेवटी फसला, तोही चांगल्या वळणामुळे. पाणी काढल्यावर हिवाळाभर नळ उघडेच ठेवायचे असतात, म्हणजे कुठे थोडं पाणी अडकलं तरी त्याला फुगायला वाव मिळतो. पण आम्ही वाढलो ते फक्त सकाळी पाणी येणाऱ्या घरात. आई बाहेर पडताना पायात चपला घातल्यावरसुद्धा पुन्हा आत जाऊन एकेक नळ पिळून यायची. उघडे नळ सोडून दाराला कुलूप लावणं आमच्या हातून होतच नाही. दादा कुलूप लावून मोटारीपर्यंत गेला, त्याला राहवेना, परत येऊन त्याने सगळे नळ घट्ट बंद केले आणि समाधानाने घरी आला. एप्रिलमध्ये पंप सुरू केला तर मोरीच्या नळाला उभी चीर पडलेली, आणि पाणी थेट वहिनीच्या बुटात. दादा इतका हसला की पलीकडून शेतकरी काय झालं म्हणून बघायला आला.

गेल्या उन्हाळ्यात डबा कुठेच गेला नाही. आधी खोकला होता, मग एक्स-रे झाला, मग स्कॅन, आणि मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढून आम्हाला सगळं सरळ सांगितलं. इथले डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. कॅन्सर आहे, फुप्फुसात सुरू होऊन पसरलेला आहे, बरा होणार नाही, औषधांनी काही महिने मिळतील, त्या महिन्यांत तुम्हाला काय करावंसं वाटतं याचा विचार करा, असं त्या म्हणाल्या. दादाने त्यांचे आभार मानले. मी तिथेच भांडले. रिपोर्ट पुण्याला पाठवले, मुंबईला पाठवले. कुणी सांगितलं म्हणून काढे मागवले, कुणी सांगितलं म्हणून साखर बंद केली आणि दुसऱ्याने सांगितलं म्हणून पुन्हा सुरू केली. जन्मात कधी देवापुढे उभी न राहिलेली मी सोमवार धरून बसले. पुण्यात आईला आम्ही न्यूमोनिया म्हणून सांगितलं होतं. कॉलिंग कार्डावरून मी तिच्याशी खोटं बोलायचे, आणि ती "मग आता उतार आहे ना?" असं विचारायची तेव्हा हो म्हणताना मलाच क्षणभर खरं वाटायचं. त्या क्षणासाठी मी तिला दिवसातून दोनदा फोन करायला लागले.

मी युट्रेख्टहून ये-जा करत बहुतेक रात्री त्यांच्याकडेच राहायचे. थंडी उंबरठ्यावर आली तसा मी दादाकडे विषय काढला. डबा रिकामा करायला कधी जायचं? तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, "यंदा राहू दे." एवढंच. स्कॅन बघून मी घाबरले नव्हते तेवढी या शब्दांनी घाबरले. इतक्या वर्षांत एकदाही न चुकवलेली गोष्ट हा माणूस सोडून देतो, म्हणजे त्याने एप्रिलच सोडून दिला, असा मी अर्थ लावला. मग मी त्याच्या मागेच लागले. सकाळी विचारायचे, संध्याकाळी विचारायचे. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "त्याला धड बसवत नाही, मेधा. कुणासाठी चाललंय हे?" मी म्हटलं, त्याच्यासाठी. ती परातीकडे वळली आणि कणीक मळायला लागली. अखेर एका रविवारी दादाच कंटाळून म्हणाला, चल बाई, एकदाचं करून टाकू.

वहिनीने त्याला दोन स्वेटर घातले, वर जाकीट, कानटोपी, आणि मोटारीत मागे एक रजाई टाकली. ती स्वतः आली नाही. कुरणावर चिखल होता. मोटारीपासून डब्यापर्यंतचं अंतर तो माझ्या खांद्यावर भार देऊन तीनदा थांबत चालला, आणि दर वेळी जणू काही कुरण बघायलाच थांबलोय असा चेहरा करत होता. मी त्याला बाकावर बसवून रजाई गुंडाळली, आणि मग कळलं की टाकीचं बूच त्याच बाकाखाली आहे. त्याला उठवून समोरच्या बाकावर बसवलं. तो हसायला लागला, हसताना खोकला आला आणि खोकला थांबेना. मी पाठ चोळत उभी राहिले. तो खोकत होता आणि मी मनात म्हणत होते, थांब, थांब, थांब... थांबल्यावर त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि कामाला लागल्यासारखा आवाज काढून म्हणाला, आधी पंपाचं बटण बंद.

मग तो सांगत गेला आणि मी करत गेले. बाहेर जाऊन पुढच्या छोट्या चाकाचा दांडा फिरवून डब्याचं नाक थोडं खाली केलं, म्हणजे पाणी एका बाजूला येतं. बूच काढलं, सगळे नळ उघडे केले. गीझरची कळ माझ्याने हलेना, तर तो म्हणाला, ओढू नकोस, वर उचल, आणि डब्याखालच्या गवतावर पाणी भडाभडा पडायला लागलं. शेवटचं काम नळ्यांमध्ये फुंकण्याचं. सायकलच्या पंपाने जुने जोड सुटतात म्हणून दादा दर वर्षी नळी तोंडाला लावून फुंकायचा, गाल फुगवून, डोळे मोठे करून, आणि बेसिनमधून उरलेलं पाणी फुरफुरत बाहेर आलं की टाळी मागायचा. त्या दिवशी त्याने सवयीने नळी हातात घेतली, तोंडापर्यंत नेली, आणि मग माझ्याकडे दिली. मी फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत फुंकत राहिले. मला वाटत होतं की नळीत एक थेंब राहिला तर सगळं संपलं. इतक्या वेड्यासारखं मी आयुष्यात काही केलेलं नाही. "पुरे गं," तो म्हणाला, "कोरडी झाली केव्हाच."

मी जमिनीवर बसले. एप्रिलमध्ये पाणी भरताना तूच फुंक, मला पुन्हा सांगू नकोस, असं काहीतरी मी दम घेत घेत बोलले. भरताना फुंकायचं नसतंच, हे त्याने काढलं नाही. तो उघड्या नळाकडे बघत होता. मग म्हणाला, "मी राहू दे म्हटलं ना, ते कंटाळून नाही. मला हे शेवटचं म्हणून करायचं नव्हतं."

तो हरलाय असं समजून मी त्याला ओढत आणलं होतं, आणि तो तर माझ्यापेक्षा घट्ट धरून बसला होता. डबा भरलेला राहिला असता तर त्याच्या लेखी काहीच संपलं नसतं. मी म्हटलं, "शेवटचं नाही हे." त्याने रजाईतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला, लहानपणी टपली मारायचा तिथेच, आणि म्हणाला, "नाही ना? मग ठीक आहे."

तेव्हापासून तो हिशेब एप्रिलचाच करायला लागला. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, कालव्यांवर बर्फ धरला. पलंग तोवर दिवाणखान्यात आणला होता. ऑक्सिजनची नळी नाकाला लावलेली असताना सकाळी डोळे उघडले की दादा आधी विचारायचा, बाहेर उणे किती? मी आकडा सांगायचे. तो म्हणायचा, काही होत नाही डब्याला. फेब्रुवारीत त्याचं बोलणं बंद झालं. तरी मी रोज आकडा सांगत राहिले, आणि मला वाटतं तो ऐकत होता. आजारी माणसाला त्या चिखलात न्यायला नको होतं, असं कुणीकुणी मला आता सुचवतं. मी उद्या पुन्हा नेईन. कुणी मला तो दिवस परत द्यावा, मी त्याला पाठुंगळीवर घेऊन जाईन.

गेल्या आठवड्यात वहिनीच म्हणाली, डबा बघून येऊ. आत आदल्या पावसाचा कोंदट वास होता आणि समोरच्या बाकावर त्याची कानटोपी. वहिनीने ती उचलून खिशात घातली. मी बूच लावलं, मोरीचा नळ बंद केला, गीझरची कळ खाली केली, शेतकऱ्याच्या नळावरून टाकी भरली आणि पंप सुरू केला. बेसिनच्या नळातून आधी नुसती हवा आली, मग खाकरत, थुंकत पाणी आलं आणि नंतर सरळ धार लागली. वहिनी गुडघ्यांवर बसून बाकाखाली, गीझरच्या मागे, मोरीच्या कोपऱ्यात एकेका जोडावरून हात फिरवत होती. कुठे ओल लागते का बघत होती. तिने सगळे जोड चाचपले आणि मग पहिल्यापासून पुन्हा चाचपले. मला वाटत होतं, कुठेतरी एखादी चीर निघावी, निदान ठिबक तरी, म्हणजे दुरुस्तीला बसता येईल, कुणावर तरी चिडता येईल. तिने हात बाहेर काढून माझ्यापुढे धरला. कोरडा ठणठणीत.

"ह्याला काहीच झालं नाही गं," वहिनी म्हणाली, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडायला लागली. मी तिच्याजवळ खाली बसले. खरंच काही झालं नव्हतं. दादाने आणि मी सगळं अगदी बरोबर केलं होतं.