रडणे, स्त्री, ग्रामीण

मी माझ्या मामीचं रडणं चोरलं. बरेच महिने मी त्याला रेकॉर्डिंग म्हणत होतो.

माझा धंदा आवाजाचा. श्राव्य मालिकेत दार लागतं, भांडं पडतं, पाऊस येतो, ते आम्ही घालतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. तयार आवाजांची परदेशी लायब्ररी आमच्याकडे आहे, हाय-डेफिनिशन, इतकी स्वच्छ की पेल्यात बर्फ टाकला तर तो तडकतानाही ऐकू येतो. पण त्यातलं दार तिकडचं असतं. जाड लाकडाचं, गालिच्यावर उघडणारं. आमच्या गोष्टीतल्या बाईचं दार पत्र्याचं असतं आणि उघडताना फरशीला घासतं. म्हणून मी शहरभर हिंडून इथले आवाज जमा करायला लागलो. छावणीचा बाजार, पिठाची गिरणी, मुकुंदवाडीला थांबणारी पॅसेंजर. प्रत्येकाला नाव देऊन आमच्या दोघांच्या फोल्डरमध्ये ठेवायचो.

एक आवाज मात्र मिळत नव्हता. लायब्ररीत बायकांच्या रडण्याचे पुष्कळ तुकडे होते, पण त्या सगळ्या रुमालात तोंड लपवून हुंदके देणाऱ्या. आमच्याकडे मरणाच्या घरी बाई बोलत रडते. हेल काढून गेलेल्याला हाका मारते, त्याला जाब विचारते, आणि दारात नवीन माणूस आलं की त्याच्या गळ्यात पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. नटीला हे सांगून येत नाही. आलंच तर तिसऱ्या टेकला ती लाजते.

मामा गेले त्या सकाळी मी मुकुंदवाडी स्टेशनवर गाडीचा आवाज घेत होतो. फोन आला तसाच चिकलठाण्याला गेलो. मामांची शेती तिथलीच, निम्मी प्लॉटिंगमध्ये गेलेली. त्यांचा मुलगा शेजारच्याच एका कंपनीत कामाला. ओसरीवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की बॅगेतल्या रेकॉर्डरचा लाल दिवा चालू आहे. घाईत बंद करायचा राहिला होता. इथपर्यंत त्याला चूक म्हणता येईल.

तेवढ्यात माझी आई रिक्षातून उतरली आणि भावाच्या दारात तिला पाहून मामी उठली. मी बॅगेकडे हात नेला. बंद करण्याऐवजी मी बॅग मांडीवरून उचलून भिंतीच्या कडेला ठेवली, जिथे पंख्याचा आवाज कमी येईल.

मी रडत होतो हे खरं आहे. रडता रडता मी पंख्याचा विचार केला हेही खरं आहे.

पुढे एका मालिकेत नवरा अपघातात जातो असा प्रसंग आला. दिग्दर्शकाला दोन नट्यांचं रडणं पटलं नाही. मी ती फाइल उघडली. शब्द कापले, फक्त हेल आणि मधले श्वास ठेवले, आवाज थोडा खाली आणला. दिग्दर्शकानं हेडफोन काढले.

"ही बाई कुठं मिळाली?"

"आहे एक," मी म्हणालो. त्या दुपारी मी फाइलला नाव दिलं, 'रडणे, स्त्री, ग्रामीण', आणि फोल्डरमध्ये टाकली.

भाग प्रसिद्ध झाला. मामेभावानं कौतुकानं त्याची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. तेव्हापासून मला धड जेवण जाईना. ग्रुपवर कुणी अंगठा दाखवला की मी पाहायचो, हे त्या दिवशी ओसरीवर होते का? आईनं ऐकू नये म्हणून तिच्या फोनमधून मी ती लिंकच काढून टाकली. फोन वाजला की आधी नाव वाचायचो, मग श्वास घ्यायचो. एका सकाळी मामीचंच नाव दिसलं.

"ऐकली रं तुझी गोष्ट. सुनंनं लावून दिली."

"कशी वाटली?" मी विचारलं.

"त्या बाईचा नवरा जातो तिथं लई वाईट वाटलं बघ. कोण पोरगी हाय ती? खरं रडली. तिच्या घरचं कुणी गेलं असंल, त्याबिगर असं येत नाय. तिला म्हणावं, माझ्या मामीनं इचारलंय."

"सांगतो," मी म्हणालो.

तिनं स्वतःला ओळखलं नव्हतं. आपलं रडणं बाहेरून कसं ऐकू येतं हे कुणाला माहीत असतं? फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

काही आठवड्यांनी भागीदारानं मला हाक मारली. तो एक विनोदी भुताची गोष्ट करत होता. "बस, हेडफोन लाव. हसून मरशील."

मी लावला. त्यानं फोल्डरमधली मामीची फाइल घेऊन उलटी केली होती आणि वेग वाढवला होता.

"उलटी केली की डायरेक्ट हडळ. काय माल आणलाय यार तू."

"काढ ते."

"का? कॉपीराइटचं काही लफडं आहे का?"

"माझी मामी आहे ती. मामा गेले त्या दिवशीची."

तो हसायचा थांबला. त्यानं माझ्यासमोर तो तुकडा काढला, फोल्डरमधूनही पुसला. मग खुर्ची वळवून म्हणाला, "मामीला माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस? तिला जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी निघालो. जालना रोडवर दोनदा गाडी बाजूला लावली. तिला काही कळलेलं नाही, सांगून दुखवायचं कशाला, असं स्वतःला समजावत होतो. पण ती त्या पोरीचं काय झालं हे पुन्हा विचारणार होती आणि मला पुन्हा खोटं बोलावं लागणार होतं.

मामी अंगणात लसूण सोलत बसली होती. "ये भाच्या. आज बरी वाट घावली." मी पायरीवर बसलो आणि चहाला नको म्हणालो.

"ती पोरगी कुणी नाही मामी. ती तू आहेस."

"मी कवा आले तुझ्या स्टुडिओत?" ती हसली.

मी सगळं सांगितलं. स्टेशन, बॅग, लाल दिवा, पंखा. हडळीचंही सांगितलं. ती सोलत राहिली, मग हात थांबला.

"दिवा दिसला व्हता म्हणतो तू."

"हो."

"मग बंद का नाय केलं?"

गडबड होती, सुचलं नाही, अशी उत्तरं तयार होती. "आवाज चांगला येत होता म्हणून," मी म्हणालो.

तिनं सुपातली सालं एका बाजूला केली. "काय काय म्हणले मी? मला त्या दिवसाचं काय बी याद नाय. तुझी आई कवा आली, ह्यांना कवा नेलं, काय नाय."

"तू मामांना विचारत होतीस, चहा ठेवलाय, आता तो कुणी प्यायचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी ते तुझ्यापाशी हाय," ती म्हणाली, "आन् माझ्यापाशी नाय."

ती ओरडेल याची मी तयारी केली होती. याची नव्हती.

"मामी, तू मामांशी बोलत होतीस. ते मी चोरून घेतलं आणि लोकांना ऐकवलं. मालिकेतून काढा म्हणून मी आज सांगितलंय, पण ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानातून ते निघणार नाही. त्या दिवसाचं माझ्याकडे जे आहे ते सगळं तुझ्या हातात देतो. ऐक, ठेव, नाहीतर पुसून टाक. आणि तू विचारलंस तेव्हा सांगतो म्हणालो, तेही खोटं होतं. माझं चुकलं. मला माफ कर."