आपल्यासाठी नाही ते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट माहीत नाही.

वंदना, माझी बायको, तीनेक वर्षांत बघता बघता म्हातारी दिसायला लागली. कातडी कोरडी, जाड, चेहरा सुजल्यासारखा, भुवया अर्ध्याच उरलेल्या. वय बेचाळीस. "लई गळाल्यासारखं होतंय ओ," म्हणायची. मी म्हणायचो, तेल लावत जा. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. लाज वाटत होती मला तिची.

वाळूजला आमच्या कंपनीचा फॅमिली डे होता. नव्या साहेबांनी तिच्याकडं बघून सहज विचारलं, मावशींनाही आणलंत वाटतं? आणि मी "हो" म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही — अजून विश्वास बसत नाही. वंदना दोन पावलांवर होती. मला वाटलं, ऐकलं नसेल.

तिथंच संपलं असतं तर कदाचित मी ते पचवलंही असतं. पण शेजारच्या मांडवात फुकट रक्ततपासणी होती, साखर, थायरॉईड, सगळं — कामगार आणि त्यांच्या बायकामुलांसाठीच. वंदना रांगेत उभी राहिली. साहेब जवळच होते. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं, म्हणालो, "आपल्यासाठी नाही ते." परतीच्या बसमध्ये चोराच्या मनात चांदणं — मीच उगाच बडबडत राहिलो.

आठ महिन्यांनी ती ओट्यापाशी कोसळली. थायरॉईड, डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं अंगात आहे, हृदयाभोवती पाणी साठलंय. तिचं वय ऐकून त्यांनी पुन्हा तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. कातडी अशी अकाली जून झाली की ते नुसतं वय नसतं हो, आत काहीतरी बिघडलेलं असतं. साधी रक्ततपासणी केली असती तरी कळलं असतं — असंही म्हणाले. कुणाला सांगणार होतो, की रांगेतून मीच काढलं तिला?

नर्स फॉर्म घेऊन आली. पेशंट तुमच्या कोण?

वंदनाच बोलली, डोळे मिटूनच. "मावशी लिवा, सिस्टर."

चिडून नाही. चारचौघांत मला अवघडायला नको, म्हणून.