एकसष्ट सालचं मशीन

भूकंपानंतर दोनेक वर्षांनी लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. आमचा छापखाना तोवर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांवर चालत होता. आता प्रोफेसर मंडळी नोट्सचे गठ्ठे घेऊन दारात उभी राहू लागली आणि आमचं पायानं चालवायचं मशीन कमी पडू लागलं. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, पुण्यातल्या एका दलालाकडे जुन्या जपानी ऑफसेट मशीनचे फोटो पाहिले आणि परतताना एसटीतच निर्णय घेऊन टाकला. अप्पा सातवी पास. मी बी.कॉम., म्हणजे घरातली सगळी इंग्रजी माझ्याकडे. म्हणून बंदरातून मशीन सोडवायला त्यांच्यासोबत मुंबईला मी गेले.

मशीनची किंमत परवडणारी होती. तेवढीच गोष्ट परवडणारी होती, हे क्लिअरिंग एजंटनं कागदावर मांडून दाखवलं. किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा यांची बेरीज करायची, तिच्यावर ड्युटी लावायची. मग ती ड्युटी धरून जी रक्कम होईल तिच्यावर आणखी एक ड्युटी.

"म्हंजे जहाजाच्या भाड्यावरबी कर?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"आन् करावर कर?"

"हो."

"तुमच्या फीवर?"

"माझी फी वेगळी," एजंट म्हणाला.

कंटेनर उघडला तेव्हा तपासणीला कस्टमचे एक साहेब आले. सहा टनांच्या त्या मशीनवर एक पितळी पट्टी होती. तिच्यावर सगळी जपानी अक्षरं, आणि मधे आपल्याला कळेल असा एकच आकडा : ६१. साहेबांनी तो वहीत उतरवून घेतला.

"तुमच्या कागदांत मशीन नऊ वर्षांचं आहे. हे एकसष्ट सालचं आहे. चौतीस वर्षं जुनं मशीन परवान्याशिवाय आणता येत नाही."

मी जपानला, मशीन विकणाऱ्या कंपनीला, फॅक्स केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की एकसष्ट म्हणजे त्यांच्या आधीच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं एकसष्टावं वर्ष. आपलं एकोणीसशे शहाऐंशी. एजंटनं फॅक्स वाचला आणि परत दिला.

"सम्राट कस्टममध्ये चालत नाही," तो म्हणाला.

बंदरात पहिले काही दिवस फुकट असतात; नंतर माल पडून राहील त्या प्रत्येक दिवसाचं डॅमरेज लागतं. आमचे फुकटचे दिवस संपले. एजंट रोज सकाळी आदल्या दिवसाचा आकडा सांगायचा, हवामान सांगावं तसा. मला जेवण जाईना. अप्पा दोन्ही वेळा व्यवस्थित जेवत होते, पण रेट वाचून.

एका दुपारी लॉजवर अप्पांनी तो फॅक्स माझ्याकडून तीनदा समजावून घेतला आणि म्हणाले, "हे तर फसली साल हाय की!"

भूकंप झाल्यापासून अप्पा घरादाराची कागदपत्रं घरात ठेवत नसत. जातील तिथं पिशवीत बरोबर. त्यातला जमिनीचा एक निजामकाळातला कागद त्यांनी काढला आणि आम्ही साहेबांकडे गेलो.

"साहेब, आमच्या वडलांनी जमीन घेतली तवाचा हा कागद. ह्यावर तेराशे पन्नास साल हाय. आमचे वडील साडेसहाशे वर्षांचे न्हाईत. निजामाच्या राज्यात फसली साल चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवले की तुमचं साल निघतंय. तसं ह्या जपान्याच्या एकसष्टात पंचवीस मिळवा."

साहेबांनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. मग त्यांनी वहीच्या कोपऱ्यात एकसष्ट आणि पंचवीस यांची बेरीज केली.

"हे इंग्रजीत लिहून द्या. त्यांच्या वकिलातीचं पत्र जोडा."

माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रतिज्ञापत्र अशा रीतीनं जपानच्या सम्राटाविषयी होतं. अकराव्या दिवशी मशीन सुटलं. ते समुद्रातून येण्यापेक्षा धक्क्यावर उभं राहण्याचा खर्च जास्त झाला होता.

लातुरात एवढं वजन उतरवायला क्रेन मिळेना. तेलाच्या घाण्या हलवण्यात उभं आयुष्य गेलेल्या एका मिस्त्रीचाचांना अप्पांनी बोलावलं. रेल्वेचे लाकडी स्लीपर, लोखंडी पाइप, चेन-पुली आणि आठ माणसं एवढ्या भांडवलावर चाचांनी ते दिवसभरात आत सरकवलं. कुणी घाई केली, की ते खाली बसून पान लावत. "घाई नक्को. सहा टन हाय, पळून न्हाई जात."

पहिल्यांदा मशीन पूर्ण वेगात सुरू केलं ती जेवणाची वेळ होती. वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरांची खानावळ होती. ती चालवणाऱ्या बाई भूकंपाच्या पट्ट्यातल्या गावातून आल्या होत्या. मांडणीतली ताटं वाजायला लागली तशा त्या पिठाच्या हातांनी रस्त्यावर धावत आल्या. मागं उष्ट्या हातांची वीस-पंचवीस पोरं. त्यांना बघून सगळी गल्ली बाहेर आली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. ती पद्धत आमच्याकडे उरली नव्हती.

मी बटण बंद केलं. मशीन होतं म्हटल्यावर लोक हसत घरात गेले. बाई समोरच्या ओट्यावर बसून राहिल्या. त्यांच्या घरातलं कोण कोण गेलं होतं, ते आम्हाला माहीत होतं.

अप्पा त्यांच्याशेजारी, जरा अंतर ठेवून बसले. "चूक झाली, ताई. सांगून चालू करायला पायजे होतं."

"मला कळतंय हो, अप्पा, मशीन हाय म्हणून. पायाला कळना गेलंय."

अप्पांनी चाचांना परत बोलावलं. फरशी फोडली, भिंतींपासून सुटा असा काँक्रीटचा ओटा ओतला, वर ट्रकच्या जुन्या टायरांचं रबर घातलं. पंधरा दिवस मशीन बंद. त्यात दोन प्रोफेसर नोट्स घेऊन दुसरीकडे गेले. मी तसं अप्पांना सांगितलं. "जाऊ दे," ते म्हणाले.

सोळाव्या दिवशी अप्पा वर जाऊन बाईंना बोलावून आले. त्या दारात उभ्या राहिल्या आणि एक तळहात भिंतीला टेकवला. "करा चालू."

मशीन सुरू झालं. आधी सावकाश, मग पूर्ण वेगात. कागद एकामागून एक पडत होते आणि बाई भिंतीवरचा हात न काढता ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हात पदराला पुसला.

"हाव. चालतंय," म्हणाल्या, आणि भाकरी थापायला वर गेल्या.