साहेबांचा शार्क

गुणाबाई चामोर्शीच्या बाजारात मासोळ्या विकते. मासोळी नदीची की तलावाची, हे ती नुसत्या वासावरून सांगते. अशा बाईला मासे शिकवायला बँकेतले पिंपळकर साहेब निघाले, यातच त्यांची अक्कल कळते.

साहेबांनी हौसेनं काचेच्या पेटीत बोटाएवढा शार्क पाळला. शार्क म्हणे, दुकानदारानं तसंच सांगून विकलेला! दोन वर्षांत तो हातभर झाला आणि त्याला पेटीत वळता येईना. मग साहेबांना दया सुचली. बादलीत मासा, बादलीला हळदकुंकू आणि हातात मोबाइल, असे ते आमच्या गावच्या तलावावर पुण्य करायला आले.

तलाव ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या सोसायटीचा, आणि गुणाबाई त्यातलीच. त्यात नुकतंच माशांचं बीज सोडलेलं. ती तलावाच्या पाळीवर आडवी उभी राहिली.

"इथी सोडाचा नाई. हा आमचं समदं बीज गिळन."

"बाई, हा शार्क आहे, परदेशी. तुम्हाला काय कळणार?"

तिनं बादलीत डोकावून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "साहेब, हा पंगास होय. दर ऐतवारी बिनकाट्याचा पाह्यजे म्हणून तुमी माह्याजवळून नेता ना, तोच."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. "मग तुम्हीच सांभाळा," म्हणत बादली तिथंच टाकून ते गाडीत बसले. व्हिडिओ काढायचंसुद्धा विसरले.

दुसऱ्या दिवशी ऐतवार. साहेब पिशवी घेऊन बाजारात हजर. नेहमीसारखा बिनकाट्याचा मागितला. गुणाबाईनं कापून दिला.

तो कुठला, हे विचारायची मात्र साहेबांची छाती झाली नाही.